वाकळ पुरी होताना

वाकळ म्हणजे वापरून मऊ झालेल्या सुती कापडाचे थर एकमेकांवर अंथरून हातच्या धावदोऱ्याने एकजीव केलेले अंथरूण-पांघरूण. दुलईत किंवा लेपात पिंजलेला कापूस भरतात. वाकळेत कापडातच कापड भरलेले असते आणि ते जागेवर धरून ठेवण्याचे काम एकटा टाका करतो. पुणे-नगरकडे हिला गोधडी म्हणतात, सातारा-सांगली-कोल्हापूरच्या पट्ट्यात वाकळ, आणि सांगली जिल्ह्याचे पूर्व टोक असलेल्या जत तालुक्यात कानडी बोलणाऱ्या घरांमध्ये कौदी. माहेर विजापूरकडचे आणि सासर जतकडचे, किंवा याच्या उलट, अशा सोयरिकी इथे जुन्या आहेत. सुनेबरोबर तिच्या आईचा टाकाही येतो आणि दोन-चार उन्हाळ्यांत तो घरचाच होतो. नोव्हेंबर २०२२मध्ये कर्नाटकाच्या मुख्यमंत्र्यांनी जतमधल्या ४० गावांचा विषय काढला तेव्हा दोन्ही राज्यांत बरीच गरमागरमी झाली. अंथरुणाच्या बाबतीत ही सीमा कुणी फारशी मनावर घेतलेली नाही.

जत १९४८पर्यंत डफळ्यांचे संस्थान होते. मुलूख पर्जन्यछायेतला. मृगाच्या पावसावर इथे फारसे कुणी विसंबत नाही. भरवसा असलाच तर परतीच्या पावसावर, आणि त्याच्या ओलीवर शाळू येतो. माघ-फाल्गुनात शाळूची काढणी-मळणी उरकली की कोरडवाहू रानात करण्यासारखे काही राहत नाही. दसऱ्यानंतर ऊसतोडीला गेलेल्या टोळ्याही कारखान्याचा पट्टा पडला की याच सुमारास गावी परततात, आणि त्यांच्या बिऱ्हाडात चार-पाच महिने खोपीत वापरून, पाचटाची कुसे रुतून, ठिकठिकाणी उसवलेल्या वाकळा असतात. मोकळा वेळ, कोरडी हवा आणि दुरुस्तीला आलेले अंथरूण या तिन्ही गोष्टी चैत्र-वैशाखात एकत्र येतात. त्यामुळे वाकळ हे उन्हाळ्याचे काम झाले. म्हैसाळ योजनेतून कृष्णेचे उचललेले पाणी ज्या गावांपर्यंत पोचले, तिथे हा नेम मोडत चालला आहे. द्राक्षाची खरड छाटणी ऐन एप्रिलात येते आणि तिच्या मागोमाग विरळणीची कामे लागतात. बायकांच्या हाताला उन्हाळ्यात रोजगार मिळू लागला. वाकळ मागे पडण्याचे कारण म्हणून लोक नेहमी सोलापुरी चादरीकडे आणि दुकानातल्या ब्लँकेटकडे बोट दाखवतात. या भागापुरते तरी पाण्याचेही नाव त्यात घ्यायला हवे.

वाकळेचे कापड विकत आणत नाहीत, ते साठवतात. या भागातल्या जुन्या बायकांचे नेहमीचे वस्त्र म्हणजे बागलकोट जिल्ह्यातल्या इलकलचे, इथल्या बोलीत इरकल, लुगडे. त्याची वीण वाकळेच्या दृष्टीने फार सोयीची आहे. अंगाचा भाग सुती असतो. पदर रेशमी किंवा कृत्रिम रेशमाचा, वेगळ्या ताण्यावर घेतलेला आणि फासे अडकवून अंगाशी जोडलेला असतो. काठही रेशमी. त्यामुळे एकाच लुगड्याचे भाग वेगवेगळ्या वेगाने जुने होतात. बसण्याच्या ठिकाणी अंग विरते, पदर मात्र पुष्कळ शाबूत राहतो आणि काठ तर सगळ्यांत शेवटपर्यंत टिकतो. लुगडे उलगडून उजेडात धरले की कुठला भाग कशाला हे ठरते: जाड राहिलेले अंग वाकळेच्या वरच्या आणि खालच्या पदराला, विरलेले आतल्या थरांना, काठ फाडून कडेच्या गोटाला. पुरुषांची धोतरे आणि पटके आत जातात. पांढरे कापड वर घेतले तर मळ लगेच दिसतो, हे कारण साधे आहे.

या वाटणीमागे पक्के गणित असते, जरी ते कुणी कागदावर मांडत नसले. नऊवारी म्हणजे साधारण सव्वाआठ मीटर. पन्हा मीटर-सव्वा मीटरच्या मध्ये. माणूसभर वाकळ साडेतीन हात रुंद आणि पाच हात लांब, म्हणजे सुमारे १.६ मीटर बाय २.३ मीटर. लुगड्याचे साडेतीन-साडेतीन हातांचे तुकडे फाडले आणि पन्ह्याला पन्हा जोडून आडवे लावले, तर दोन तुकड्यांत वाकळेची एक बाजू भरते. चार तुकड्यांत दोन्ही बाजू होतात, आणि पावणेदोन-दोन मीटर शिल्लक राहते, ती बहुधा पदराकडची. एका लुगड्यात वाकळेचे अंग पुरते, उरतो पदर. हा उरलेला पदर पुढच्या कामांचे भांडवल. कापड कात्रीने कापत नाहीत, दाताने चीर पाडून फाडतात. फाडलेले धाग्याला धागा सरळ जाते, कापलेले तिरके जाण्याची भीती. शिवाय जे फाडताना फर्रकन भलतीकडेच फाटले, ते वरच्या पदराच्या लायकीचे नव्हते हेही तिथेच कळते.

सुती लुगड्याची जागा नायलॉन-पॉलिस्टरच्या साड्यांनी घेतली तेव्हा हे सगळे गणित बिघडले. आज घरात कापड पूर्वीच्या कितीतरी पट आहे. पत्र्याच्या पेट्या साड्यांनी गच्च भरलेल्या असतात. पण ती साडी विरत नाही, मऊ पडत नाही, घाम पीत नाही, आणि थरांमध्ये घातली तर सरकते. टाका आत रुतत नाही, वरवर राहतो. पूर्वी कापड कमी होते आणि वाकळा होत होत्या. आता कापड जास्त आहे आणि वाकळ होत नाही, ही गंमत वरवर उलटी वाटली तरी खरी आहे, कारण वाकळेचा कच्चा माल कापड नव्हता, झिजलेले कापड होता. जाणत्या हातांनी यावरही तोड काढली. पॉलिस्टर जमिनीच्या बाजूला, सुती अंगाच्या बाजूला, आणि आत मिळतील ते जुने टॉवेल, शर्ट, शाळेचे गणवेश. अशी वाकळ दिसते भडक, पण जमिनीकडची बाजू लवकर झिजत नाही. तिला नाक मुरडण्याचे कारण नाही.

कापड जुळले की जागा लागते. वाकळ मांडायला सोपा किंवा देवळाचा मंडप बरा पडतो. सारवलेली जमीन आधी झाडून घेतात, कारण खडा राहिला तर तो थराखाली सापडून कापडाला भोक पाडतो. खालचा पदर ताणून त्याच्या चार कोपऱ्यांवर वजन ठेवतात: वरवंटा, पाणी भरलेला तांब्या, हाताला लागेल ते. मग एकेक थर. या वेळी शेजारणी लागतातच, कारण चार कोपरे चार हातांनी एकदम ओढल्याशिवाय थर सपाट बसत नाही. विरलेल्या जागा एकावर एक येणार नाहीत अशा बेताने थर फिरवून टाकतात. सगळ्यात वर जोडलेले अंग किंवा ठिगळांची नक्षी, आणि मग हातभर अंतरावर लांबच लांब कच्चे टाके. या टाचण्यात एक दुपार जाते आणि बाहेरून पाहणाऱ्याला काहीच झाल्यासारखे वाटत नाही. वाकळ चांगली होणार की वाईट याचा निम्माशिम्मा निकाल मात्र तिथेच लागलेला असतो. एकदा टाचली की वाकळ गुंडाळून ठेवता येते आणि मग ती एकटीचे काम होते.

शिवण कडेपासून सुरू होते. चारी बाजूंनी एक फेरी, तिच्या आत बोटभर अंतर सोडून दुसरी, मग तिसरी, असे आत आत यायचे. काहीजणी सरळ ओळी घालतात. अंतर बोटभरच असेल तर दोन्ही रीतींत एकूण शिवण सारखीच पडते: वर सांगितलेल्या मापाच्या वाकळेत दोन सेंटिमीटरच्या अंतराने सुमारे १८० मीटर. सेंटिमीटरला एक टाका धरला तर १८ हजार टाके, आणि मिनिटाला दहा टाके पडले तर सलग तीस तास. सलग तीस तास कुणाकडेही नसतात. घरचे सगळे उरकून, भाकऱ्या झाकून, उन्हाची तिरीप सरकेपर्यंत जे दीड-दोन तास मिळतात त्यांत हे काम बसवायचे, शिवाय आठवड्याचे काही दिवस खाडे. एका वाकळेला महिना लागतो तो असा. दोरा दुहेरी घेतात. सुई लांब आणि जाड, पण गोणपाट शिवण्याच्या दाभणाइतकी नव्हे. अंगुस्तान क्वचितच, बोटाला चिंधी गुंडाळली की भागते.

अमेरिकेत हाताने रजई शिवणाऱ्या बायका लाकडी चौकटीत कापड ताणून बहुधा मधून कडेकडे जातात, म्हणजे सैल कापड बाहेर ढकलले जाते आणि चुणी पडत नाही. इथली रीत नेमकी उलटी. कड आधी बांधली जाते, वाकळेचे माप पहिल्याच दिवशी पक्के होते, आणि जे काही सैल असेल ते फेरी-फेरीने मध्याकडे सरकत जाते. चौकट नाही, ताण फक्त गुडघ्याखाली दाबलेल्या कडेचा. त्यामुळे प्रत्येक फेरीत थोडे थोडे सैल कापड टाक्यात जिरवत यावे लागते. जिरवले नाही तर शेवटी मध्यभागी फुगा येतो आणि तो उसवल्याशिवाय जात नाही. उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या हल्याळ, यल्लापूर भागात राहणाऱ्या, आफ्रिकी वंशाच्या सिद्दी बायकांच्या कवंदीतही शिवण कडेकडूनच आत येते. त्या चारही कोपऱ्यांवर घड्या घातलेल्या कापडाची फुले बसवतात आणि फुलांवाचून कवंदी उघडी समजतात. दोन्हीकडचे काम शेजारी ठेवून पाहिले तर दोन्ही भागांत एकच पद्धत पसरलेली दिसते, कुणी कुणाकडून घेतली ते सांगण्याच्या भानगडीत न पडणे बरे.

यंत्रावरच्या शिलाईने हे सगळे दोन तासांत होते, असे सांगणारे असतात. होते. पण यंत्राच्या टाक्यात वरचा आणि खालचा असे दोन दोरे एकमेकांत अडकून घट्ट बसतात, आणि सुईची भोके फार जवळ जवळ पडतात. नव्या कापडाला त्याचे काही वाटत नाही. विरलेल्या लुगड्याला ती भोकांची ओळ म्हणजे फाटण्यासाठी आखून दिलेली रेघ ठरते. हातच्या धावदोऱ्याला थोडी ढील असते. कापड ओढले गेले की दोरा सरकतो, आणि तुटला तर वीतभर उसवून तिथेच थांबतो. म्हणजे जुन्या कापडासाठी हातचा टाका हा हौसेचा प्रश्न नाही.

वाकळ पुरी झाली हे शेवटच्या टाक्याने ठरत नाही. मध्यभागाची फेरी बंद झाली, गाठ आत ओढून लपवली, तरी कडेचा गोट राहिलेला असतो. काठाची पट्टी दुमडून चारी बाजूंनी बसवायची, कोपऱ्यावर तिची घडी नीट मोडायची, मग टाचलेले कच्चे टाके एकेक करून उपसायचे. हे उपसलेले दोरे टाकून देत नाहीत. गुंडाळी करून पुढच्या टाचणीला ठेवतात. नंतर दोघींनी दोन टोके धरून वाकळ जोराने झटकतात. थर नीट धरले गेले असतील तर ती एका अंगाने हलते, नसतील तर आतले कापड वेगळे हलल्याचे हाताला कळते. तळवा सगळीकडून फिरवतात. राहिलेली मोकळी जागा डोळ्याला दिसत नाही, हाताला सापडते. एवढ्यातून उतरली तरी नवी वाकळ पांघरायला चांगली नसते. ताठ असते, अंगावर बसत नाही, कोपरे उभे राहतात. दोन-तीन धुण्यांनंतर दोरा आणि कापड दोन्ही आकसून एकमेकांत बसतात आणि तेव्हा ती खऱ्या अर्थाने वापराची होते. म्हणून नवी वाकळ पहिली काही वर्षे आल्यागेल्याला काढतात. पाहुण्याला मान म्हणून, असे सांगतात. तेही खोटे नाही.

मोठी वाकळ चालू असताना दुसरे काही हातात नसते असे मात्र नाही, आणि याचेही कारण कामाच्या आकारात आहे. मोठ्या वाकळेला जमीन लागते, ती घराबाहेर नेता येत नाही. बांधावर, शेरडांमागे किंवा एसटीची वाट पाहत बसताना मांडीवर मावेल असे काहीतरी लागते. म्हणून एका मोठ्या कामाबरोबर दोन-तीन लहान कामे चालूच असतात, आणि त्यांचा माल मोठ्या कामाच्या उरलेल्या कापडातून येतो. सर्वांत मऊ तुकडे आधीच बाजूला काढलेले असतात, बाळाच्या दुपट्यासाठी आणि बाळुत्यांसाठी. दुपट्याला दोनच थर, टाका बारीक, आणि गाठ कधीही अंगाच्या बाजूला येऊ द्यायची नाही. नव्या कापडाचे दुपटे करायला जुन्या बायका तयार नसत, त्यामागे पहिले कारण खळीचे होते. पदराचे तुकडे पिशवीला जातात, नाहीतर पान-तंबाखूच्या चंचीला. चंची दिसायला एवढीशी, पण तिचे कप्पे एकातून एक काढायचे असल्याने घड्यांचा हिशेब वाकळेपेक्षा किचकट. जाड, रंगीबेरंगी उरलेल्या कापडाचे बसकूर, आणि अगदीच चिंध्या उरल्या तर डोक्यावर घागर ठेवण्याची चुंबळ. टँकर आल्यावर घागरी घेऊन धावणाऱ्या गावात चुंबळ किती खपते, ते सांगायला नको.

बैलाची झूल हे यांतले सगळ्यात हौसेचे काम. जतकडे बेंदूर कर्नाटकी, म्हणजे ज्येष्ठी पौर्णिमेला. आषाढातल्या बेंदराच्या महिनाभर आधी. त्यामुळे वैशाखात वाकळ हातावेगळी झाली की लगेच झूल घ्यावी लागते. झुलीला उबेची गरज नाही. थर दोन-तीनच, पण ठिगळांची नक्षी मात्र मनसोक्त: त्रिकोणांच्या माळा, आरसे, कडेला गोंडे. घरातल्या वाकळेवर जे रंग वापरायला संकोच वाटतो ते बैलाच्या पाठीवर बिनदिक्कत येतात. मार्गशीर्षात जतच्या यल्लम्माच्या यात्रेत जनावरांचा मोठा बाजार भरतो, तिथे खिलार बैलांच्या पाठीवर या झुली अजून पाहायला मिळतात. ट्रॅक्टरने बैल कमी केले तशा झुलीही कमी झाल्या, हे ओघानेच आले.

वाकळ धुणे हा वर्षातून एकदाचा प्रसंग, आणि तो नवरात्राच्या आधी ठरलेला. घरातले झाडून सगळे अंथरूण-पांघरूण घटस्थापनेपूर्वी धुवायचे, याला दसरा काढणे म्हणतात. सुकी वाकळ एक बाई उचलते. भिजली की तिला दोघी लागतात, आणि पिळायला दोन टोकांना दोघींनी उलट्या दिशांनी वळावे लागते. मोरीत हे काम होत नाही, वाहते पाणी पाहिजे. परतीच्या पावसाने ओढ्याला पाणी येते तेही याच दिवसांत, त्यामुळे सोवळ्याची रीत आणि पाण्याची सोय इथे एकाच पंधरवड्यात पडतात. धुतलेल्या वाकळा खडकावर आणि माळवदावर वाळत टाकतात. पाऊस हुकला त्या वर्षी नुसतेच ऊन देऊन त्या आत घेतात. २०१२-१३च्या दुष्काळात जनावरांबरोबर चारा छावणीत मुक्कामाला असलेल्या घरांचा दसरा असाच कोरडा गेला.

आणि मग डागडुजी. टाचेखालची आणि खांद्याजवळची जागा आधी जाते. तिथे ठिगळ, ठिगळाच्या कडेने टाके. अशी चार-पाच वर्षे गेली की वरचा पदर पुरता विरतो. तेव्हा जुनी वाकळ उसवत नाहीत, तिच्यावर खाली-वर नवे लुगडे चढवून सगळी पुन्हा शिवतात. जुनी वाकळ नव्या वाकळेच्या पोटात जाते. म्हणून एखादी जड वाकळ किती जुनी, या प्रश्नाला सरळ उत्तर नसते. वरून चार वर्षांची, आतून चाळीसचीही असू शकते. शहरात वाकळेवर लिहिणारे इथे आजीच्या लुगड्याच्या उबेवर येऊन थांबतात. ऊब खरीच असते, पण ती थरांमध्ये अडकलेल्या हवेची आणि दाट सुताची. शिवणारीने ते लुगडे आजीचे म्हणून घातले की घरात दुसरे धड कापड नव्हते म्हणून घातले, हे विचारले तर उत्तर बहुतेक वेळा दुसरे येते, आणि त्यात तिला काही कमीपणा वाटत नाही. अमेरिकेत अलाबामातल्या जीज बेंड या गरीब वस्तीतल्या काळ्या बायकांच्या जुन्या कपड्यांच्या रजया २००२ साली संग्रहालयांच्या भिंतींवर लागल्या आणि त्यांच्याकडे चित्रे म्हणून पाहिले जाऊ लागले. जतकडची वाकळ अजून जमिनीवर आहे. भिंतीवर लागली तर तिचे मोल वाढेल यात शंका नाही. फक्त तिची मागची बाजू, जिथे टाक्याची खरी पारख होते, भिंतीकडे जाईल.

दोन-तीन वेळा पदर चढवल्यावर वाकळ इतकी जड होते की सुई आरपार जात नाही. तिथे शिवण थांबते. मग वाकळ पांघरुणातून अंथरुणात जाते, अंथरुणातून बाजेवर, बाजेवरून गाडीच्या साटीत कडब्याखाली किंवा थंडीत म्हशीच्या पाठीवर. सुटून आलेले तुकडे चुलीजवळ तवा धरायला आणि शेवटी पोतेऱ्याला. सुती वाकळेचे उरलेसुरले उकिरड्यात गेले की वर्ष-दोन वर्षांत शेणाबरोबर कुजून जाते आणि वैशाखात खत म्हणून रानात पसरते. पॉलिस्टरच्या थरांचे तसे होत नाही. उकिरडा उपसताना ते थर जसेच्या तसे निघतात, फाळाला आणि कुळवाच्या फासेला गुंडाळतात, म्हणून खत भरण्यापूर्वी ते हाताने वेचून बाजूला काढावे लागतात. हे वेचण्याचे कामही बायकांकडेच आले आहे.